शिळ्या बातम्यांचे कोडे

मालवणातील आमच्या घरगुती निवासाच्या संकेतस्थळावर हवामानाच्या बातम्या आपोआप दिसाव्यात, म्हणून मी एका वृत्तस्थळाची आरएसएस फीड, म्हणजे नव्या बातम्यांची आपोआप अद्ययावत होणारी यादी, जोडली होती. पावसाळ्याच्या तोंडावर मात्र सकाळी प्रसिद्ध झालेला वादळी वाऱ्याचा इशारा आमच्या पानावर रात्री उमटू लागला. तोवर सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होडीची आशा धरून पाहुणे धक्क्यावर जाऊन परतलेले असत.

दोष मी उगाचच वृत्तस्थळाला देत होतो. आमचे संकेतस्थळ ज्या प्रणालीवर चालते ती वर्डप्रेस, आपण काही बदल केला नाही तर, एकदा आणलेली फीड 12 तास साठवून ठेवते आणि तेवढ्या वेळात मूळ फीडकडे पुन्हा पाहतही नाही, हे उशिरा उमगले. थीमच्या, म्हणजे संकेतस्थळाच्या साच्याच्या, फंक्शन्स फाइलमध्ये ‘डब्ल्यूपी फीड कॅश ट्रान्झियंट लाइफटाइम’ हा फिल्टर (ठरलेले मूल्य बदलू देणारी सोय) लावून मी ती मुदत 43,200 सेकंदांवरून 1,800 वर, म्हणजे अर्ध्या तासावर, आणली. त्याहून कमी करणे मला दुसऱ्याच्या सर्व्हरवर अन्यायाचे वाटले.

वेळाही चुकत होत्या, कारण फीडमधील वेळ ग्रिनिचची होती. तीत साडेपाच तास मिळवले. शिवाय दोन दिवसांहून जुन्या नोंदी आता गाळल्या जातात, आणि पूर्ण मजकुराऐवजी केवळ मथळा व मूळ बातमीचा दुवा दिसतो.