मिस्त्री नेमके किती कमी? मोजताना या चुका टाळा

दोन वर्षांपूर्वी बीडकडच्या काही गुत्तेदारांसाठी (बांधकाम ठेकेदारांसाठी) मी बांधकामांवर फिरून मोजणी केली होती. सगळीकडे एकच प्रश्न विचारला, ‘तुमच्याकडे मिस्त्री किती कमी पडतात?’ उत्तरांची बेरीज केली, आकडा मोठा निघाला आणि त्यावरून गवंडीकामाचा वर्ग सुरू झाला. पोरं मन लावून शिकली. कामं मात्र अडली होती सेंटरिंगवाल्यांवाचून (स्लॅबचा साचा उभा करणाऱ्यांवाचून) आणि सळई बांधणाऱ्यांवाचून. शिकलेल्यांपैकी बरेच जण शेवटी पुण्याला गेले. ती गोष्ट मला अजून टोचते, म्हणून त्या मोजणीत काय काय चुकलं ते लिहितो.

‘कुशल कामगार’ असा एकच रकाना

गवंडी, सेंटरिंगवाला, सळई बांधणारा, फरशीवाला, प्लंबर, वायरमन हे एकमेकांच्या जागी चालत नाहीत. वीटकामात तरबेज असलेल्या मिस्त्रीचा प्लॅस्टरला हात बसलेला असेलच असंही नाही. त्यामुळे प्रत्येक कामाचा रकाना वेगळा हवा, आणि बिगारीचा तर हवाच हवा. दसरा झाला की बीड जिल्ह्यातल्या टोळ्या ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात निघतात. मग माल कालवायला, विटा द्यायला माणूस उरत नाही आणि मिस्त्री थापी घेऊन बसून राहतो. गुत्तेदार सांगतो, ‘लेबर नाही, काम बंद आहे.’ आपण मिस्त्रीच्या रकान्यात आकडा टाकून मोकळे होतो. खरं तर तिथे मिस्त्री हजर असतो.

तीच टोळी पाच वेळा मोजणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. समजा, लातूरच्या एका भागात पाच कामं चालू आहेत आणि प्रत्येक ठिकाणी सेंटरिंगला दहा माणसं चार दिवस लागतात. पाचही गुत्तेदार सांगतात, ‘दहा कमी आहेत.’ बेरीज पन्नास. पण सगळे वाट बघतायत ती टोळी एकच आहे. आता मनुष्यदिवस काढा, म्हणजे माणसं गुणिले दिवस. दहा गुणिले चार गुणिले पाच, म्हणजे गरज २०० मनुष्यदिवसांची. ती दहा जणांची टोळी महिन्यात पंचवीस दिवस राबली तर २५० मनुष्यदिवस देते. महिन्याचा हिशोब धरला तर तुटवडा नाहीच. अडचण एवढीच, की मृगाच्या आधी स्लॅब पडावा म्हणून पाचही जणांना टोळी त्याच आठवड्यात हवी असते. यावर वर्ग भरवून काही होणार नाही. स्लॅबच्या तारखा आपसात मागेपुढे केल्या तर काम भागतं.

म्हणून ‘किती माणसं कमी?’ असं विचारूच नका. कोणतं काम, कोणत्या तारखेपासून, किती दिवस अडलं आणि शेवटी ते कोणत्या टोळीने केलं, हे विचारा. मुकादमाचं नाव लिहून घेतलं की दुबार मोजणी लगेच उघडी पडते.

दर न विचारता टंचाई लिहिणं

‘माणूस मिळत नाही’ याच्या आधी ‘या दराला’ हे शब्द बहुतेक वेळा गाळलेले असतात. परभणीचा मिस्त्री पुण्यातल्या हजेरीशी, म्हणजे दिवसाच्या मजुरीशी, तुलना करूनच घर सोडतो. म्हणून आजचा दर, वर्षापूर्वीचा दर आणि गुत्तेदाराने देऊ केलेला दर, हे तीनही लिहा. वर्षभर दर हललाच नसेल तर आधी ‘दर वाढवून पाहिला का?’ हे विचारा. नुसती हजेरी पाहूनही फसायला होतं. हजेरी तीच राहते आणि चौरस फुटाचा दर वाढतो. कधी दोन्ही तसेच राहतात, वाढते ती उचल, म्हणजे आगाऊ दिलेली रक्कम. मला तरी उचल हीच टंचाईची सगळ्यात लवकर कळणारी खूण वाटते.

सरकारी आकडा जसाच्या तसा उचलणं

इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडची कामगारांची नोंदणी १९९६ च्या कायद्याखाली सुरू झाली. वय १८ ते ६० आणि मागच्या वर्षभरात किमान ९० दिवस बांधकामावर काम, अशी अट आहे. ही नोंदणी कल्याणकारी योजनांचा लाभ देण्यासाठी आहे. तिच्यातून आज बाजारात किती मिस्त्री आहेत हे समजत नाही. केंद्राची श्रमबलाची नियतकालिक पाहणी २०१७ पासून होते. कोण कामावर आहे हे ती सांगते, पण कोणत्या कामावर कोण मिळालं नाही, हे तिचं विचारणं नाही. दोन्ही आकडे संदर्भाला ठेवा, त्यांची वजाबाकी करून ‘टंचाई’ काढू नका.

काम चालू आहे म्हणजे टंचाई नाही, असं समजणं

मिस्त्री मिळाला नाही की कालचा बिगारी आज भिंतीवर चढतो. हजेरीपुस्तकात मिस्त्री भरलेला दिसतो, टंचाई मात्र भिंतीत शिरते. किल्लारीचा १९९३ चा भूकंप पाहिलेल्या भागात भिंतीचा सांधा नीट बांधलेला असणं किती मोलाचं आहे, हे वेगळं सांगायला नको. ओळंबा लावून भिंत सरळ उभी आहे का बघा, कोपरा काटकोनात आहे का ते गुण्या लावून बघा, प्लॅस्टर आणि फरशी ठोकून पोकळ आवाज येतो का ऐका, काय पाडून पुन्हा करावं लागलं ते लिहा. दुरुस्तीला गेलेले दिवसही टंचाईतच धरायला हवेत.

एकाच महिन्यात मोजणं

लातूरला २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. पाण्याचे असे हाल असताना क्युरिंगला, म्हणजे नवं बांधकाम भिजवत ठेवायला, पाणी आणणार कुठून? कामं थांबतात, कारागीर रिकामे दिसतात आणि मोजणारा ‘टंचाई नाही’ लिहून जातो. फरशी आणि पीओपीची कितीतरी कामं राजस्थान, उत्तर प्रदेशातल्या कारागिरांवर चालतात. होळीला ते गावी गेले असताना मोजलं तर उलटच चित्र दिसेल. निदान दोनदा मोजा, मृगाच्या आधी आणि दिवाळीनंतर, त्याच कामांवर, त्याच तक्त्याने.

आणि फक्त गुत्तेदारांना भेटून परत येऊ नका. मजूर अड्ड्यावर सकाळी आठच्या आत पोचा, दहा वाजेपर्यंत थांबा. दहानंतर मागे उरलेल्यांत कोणी थापीवाला दिसला, तर तो का थांबला हे त्यालाच विचारा. दर पटला नाही, मागचे पैसे बुडाले, की त्या गुत्तेदाराकडे जायचंच नाही? त्याचं उत्तर त्याच तक्त्यात, गुत्तेदाराच्या उत्तराशेजारी लिहा.