परतीच्या पावसानंतर मका, भुईमूग व पेंडीतील अफ्लाटॉक्सिनची तपासणी

खरिपाचा मका आणि भुईमूग परतीच्या पावसात सापडला की माल वरून वाळलेला दिसला तरी आत ओल राहते, आणि अशा उबदार ओलीत अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस ही हिरवट-पिवळी बुरशी वाढून अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होते. १९७४ साली गुजरातमधील पंचमहाल व राजस्थानातील बांसवाडा भागातील आदिवासी वस्त्यांमध्ये असा भिजलेला मका खाल्ल्याने काविळीची साथ पसरून शंभरावर माणसे दगावली होती.

साठवणीपूर्वी मक्यातील ओलावा १२ ते १३ टक्क्यांवर आणि भुईमुगाच्या शेंगांतील ८ टक्क्यांच्या आसपास आणावा. ओलावामापक नसल्यास कोरड्या काचेच्या बाटलीत मक्याचे दाणे व थोडे कोरडे मीठ घालून ती काही मिनिटे हलवावी. मीठ काचेला चिकटले, तर ओलावा साधारण १५ टक्क्यांहून अधिक आहे असे समजून मका पुन्हा उन्हात घालावा. किडकी, फुटकी, वाळवी लागलेली शेंग आधीच वेगळी काढावी, कारण बुरशी तिथूनच शिरते. मात्र बुरशी झटकल्याने किंवा भरडा शिजवल्याने आधी तयार झालेले विष जात नाही.

तपासणीत खरी चूक यंत्राची क्वचितच असते. ती बहुधा नमुना घेताना होते. विष मालात सारखे पसरलेले नसते, बहुतेक दाणे निर्दोष आणि मोजकेच दाणे अतिविषारी असतात, त्यामुळे एकाच पोत्याच्या तोंडाशी घेतलेल्या मूठभर धान्यावरून आलेला ‘निर्दोष’ हा अहवाल फारसा भरवशाचा नाही. अनेक पोत्यांच्या वरच्या, मधल्या व तळाच्या भागांतून मिळून किमान ५ किलो माल काढावा, स्वच्छ ताडपत्रीवर नीट मिसळून त्याचे चार भाग करावेत, समोरासमोरचे दोन भाग बाजूला सारावेत आणि उरलेल्याचे पुन्हा तसेच करत सुमारे १ किलो नमुना कागदी किंवा कापडी पिशवीत प्रयोगशाळेकडे द्यावा. झटपट पट्टी किंवा एलायझा (प्रतिपिंडांच्या साहाय्याने विष ओळखणारी) चाचणी प्राथमिक निवाड्यास पुरते, वादाचा प्रश्न असल्यास एचपीएलसी (घटक वेगळे करून विष अचूक मोजणारी प्रयोगशाळेतील चाचणी) करून घ्यावी. अतिनील दिव्याखाली दिसणारी पिवळसर-हिरवी चमक केवळ संशय दाखवते.

सरकी व भुईमुगाच्या पेंडीबाबत पशुपालकांनी विशेष दक्ष राहावे, कारण जनावराने खाल्लेल्या बी१ या अफ्लाटॉक्सिनच्या सर्वांत विषारी प्रकाराचा १ ते २ टक्के, आणि अधिक दूध देणाऱ्या गायींत ६ टक्क्यांपर्यंत, अंश एम१ (शरीरात बी१ पासून बनणारे अफ्लाटॉक्सिन) रूपाने दुधात उतरतो व दूध उकळूनही टिकतो. दुधासाठी त्याची कमाल मर्यादा किलोमागे ०.५ मायक्रोग्रॅम आहे. सदोष खाद्य चांगल्यात मिसळून खपवू नये, कोंबड्यांना तर मुळीच घालू नये. सदोष खाद्य बंद केल्यावर दुधातील विषाचे प्रमाण तीन-चार दिवसांत उतरते. तोवरचे दूध संकलन केंद्रावर घालू नये आणि पाचव्या दिवशी नमुना तपासूनच पुरवठा सुरू करावा.