१५ सेकंदांत १६ ठोके

माझ्या पहिल्या एन्ड्युरन्स राइडला, म्हणजे लांब पल्ल्याच्या घोडेस्वारीच्या स्पर्धेला, ४० किलोमीटरमधले पहिले २० मी सव्वा तासात मारले आणि स्वतःवर जाम खूश होऊन तळावर आले. माझ्या घोडीची, चांदणीची, नाडी ७६. दहा मिनिटांनी ७२. मागून आरामात आलेले तिघे घोडे तपासून, चारा घालून बसलेसुद्धा आणि मी आपली बादल्या ओततेय. तुम्ही पोचलात म्हणून इथे घड्याळ थांबत नाही, घोड्याची नाडी उतरली की थांबतं. बहुतेक ठिकाणी मर्यादा मिनिटाला ६४ ठोक्यांची, काही ठिकाणी ६०. ठरलेल्या वेळेत नाही उतरली, तर घोडा बाद.

म्हणून खोगिराच्या आधी स्टेथोस्कोप घ्या. डाव्या पुढच्या पायाच्या कोपरामागे लावायचा, १५ सेकंद मोजून चारने गुणायचं. १६ आले म्हणजे ६४. एक लक्षात ठेवा, 'लब-डब' मिळून एकच ठोका. मी आठवडाभर दोन धरत होते आणि धडधाकट घोडी आजारी आहे म्हणून व्हेटला, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरला, बोलावून बसले. उभ्या, शांत घोड्याची नाडी साधारण २८ ते ४४ असते. आपल्या घोड्याची रोज वहीत लिहा.

घोडा आधीपासून नियमित फिरत असेल, तर ४० किलोमीटरसाठी दोन-तीन महिने पुरतात. लांब पण संथ फेऱ्या, मोठ्या फेरीनंतर विश्रांती. दमसास लवकर वाढतो, स्नायुबंध आणि हाडं मात्र फार सावकाश घट्ट होतात. घोडा मजेत पळतोय म्हणून अंतर वाढवत नेलं की लंगडेपणा इथूनच येतो. नाल आठवडाभर आधी ठोकून घ्या. राइडच्या दिवशी नवीन काही नको, खोगीर बांधायचा पट्टा, म्हणजे तंगसुद्धा जुनाच.

आदल्या संध्याकाळी तपासणी असते. व्हेट हिरडी दाबून रंग किती लवकर परततो ते बघतात, कातडीला चिमटा घेतात, आतड्यांचे आवाज ऐकतात आणि मग घोडा हाताने दुडकी पळवायला सांगतात. याचा सराव घरी कुणी करत नाही. दोरी सैल सोडा, घोड्याच्या खांद्याशी पळा, मागे वळून बघू नका. तोंडाजवळ घट्ट धरलंत तर लंगडेपणा दाखवणारा मानेचा झोल दिसत नाही आणि व्हेट पुन्हा पळवायला लावतात.

सकाळी सुटताना घाई करू नका. सगळे जाऊ द्यात, दहा मिनिटांनी निघा. घोडा कळपातला प्राणी, पुढचे दिसेनासे होईपर्यंत तो नाचणार, हात ओढणार. लाथाळ असेल तर शेपटीला लाल फीत बांधा.

वाटेत पाण्यापाशी प्रत्येक वेळी थांबा. कित्येक घोडे पहिले १५-२० किलोमीटर पाण्याला तोंडच लावत नाहीत. लगाम सैल सोडा आणि गप्प उभे राहा. चांदणी एकदा पिते, मान वर करते, कान हलवत दूर बघते आणि मग पुन्हा पिते. खरं पिणं ते दुसरं. पहिल्या राइडला मी पहिल्यानंतरच टाच मारून निघाले होते. दुडकीत पाय तिरक्या जोडीने पडतात, एक पुढचा आणि विरुद्ध बाजूचा मागचा; उठबस करताना अधूनमधून जोडी बदला, नाहीतर एकाच जोडीचे पाय थकतात.

तळ एक किलोमीटरवर आला की उतरा, तंग सैल करा आणि चालत या. मला ७२ वर अडकवलं ते हे न केल्यामुळेच. आल्यावर खोगीर काढा, मानेवर, छातीवर आणि पायांच्या आतल्या बाजूला पाणी ओता, निथळून टाका, पुन्हा ओता. गार वारा असेल तर मागच्या पुठ्ठ्यांवर झूल टाका, ते स्नायू आखडले की राइड संपली. घोड्याच्या घामात रक्तापेक्षाही जास्त क्षार जातात, तेव्हा क्षार द्यायचेच, पण पाणी पीत असेल तरच. नाडी पास झाली तरी व्हेट ४० मीटर जाऊन-येऊन दुडकी पळवून मिनिटभराने पुन्हा मोजू शकतात. ठोके वाढलेले दिसले तर घोडा थकलाय.

पोचण्याच्या रेषेपुढेही तपासणी आहेच. अमेरिकेत १९५५ पासून टेव्हिस ही १६० किलोमीटरची राइड होते, वेळ २४ तास. तिथे पहिल्या दहांत आलेल्यांपैकी सर्वांत उत्तम स्थितीतल्या घोड्याला वेगळा कप देतात. मला पहिल्या नंबरापेक्षा त्याचा हेवा वाटतो.

रात्री दोनदा उठा. पायांना हात लावून गरम आहेत का बघा, लीद टाकली का, बादली किती रिकामी झाली. त्या रात्री दोनच्या सुमाराला मी टॉर्च घेऊन गेले, तर चांदणीने बादली संपवून पालथी घातली होती आणि पाय आपटत उभी होती.