प्लॉटचं ग्रेडिंग सिव्हिल थ्रीडीत कसं करावं: सुरुवात पाण्यापासून

ग्रेडिंग म्हणजे पाणी नीट वाहून जावं म्हणून जमिनीच्या उंची-उतारांची आखणी. त्यासाठीचं सिव्हिल थ्रीडी हे सॉफ्टवेअर उघडण्याआधी प्लॉटवर एकदा उभं राहून या, जमलं तर पावसात. घोडबंदर रोडला येऊरच्या पायथ्याशी काम असेल, तर पाणी मागच्या डोंगरावरून येतं. वाशी-नेरूळला खाडीलगतची सखल, भरावाची जमीन. तिथे पाणी जातं कुठे हाच खरा प्रश्न. भरतीच्या वेळी होल्डिंग पाँडची झडपी दारं मिटतात, पावसाचं पाणी तिथेच साठतं आणि ओहोटी लागली की खाडीत जातं. म्हणून सगळ्यात आधी ठरवायची लेव्हल प्लिंथची (जोत्याची) नाही. ज्या गटारात पाणी सोडायचं, त्याच्या तळाची.

आता सर्व्हेचे पॉइंट आणा. ड्रॉइंगला यूटीएम (नकाशाची जागतिक निर्देशांक पद्धत) झोन 43 उत्तर लावा, ठाणे आणि नवी मुंबई त्यातच येतात. फाइलमध्ये नॉर्दिंग (उत्तरेचा आकडा) आधी आहे की ईस्टिंग (पूर्वेचा), ते पाहूनच फॉरमॅट निवडा. मग पॉइंटवरून मूळ जमिनीचा सरफेस (पॉइंट त्रिकोणांनी जोडून बनलेला पृष्ठभाग) तयार करा आणि तो लगेच त्रिमितीत फिरवून बघा. माझ्या एका कामात सपाट प्लॉटच्या मधोमध पंधरा-सोळा मीटर खोल विहीर दिसली. एका पॉइंटची आरएल (ठरलेल्या पातळीपासूनची उंची) लिहायची राहिली होती आणि सॉफ्टवेअरने ती शून्य धरली होती. सरफेसच्या बिल्ड सेटिंगमध्ये ठरावीक आरएलच्या खालचे पॉइंट वगळण्याची सोय आहे, ती वापरा. बांध, नाल्याचा काठ, रस्त्याची कड या रेषा ब्रेकलाइन (त्रिकोणांनी ओलांडू नये अशी रेषा) म्हणून द्या; नाहीतर त्रिकोण नाल्यावरून पूल टाकल्यासारखे जुळतात. बाहेरची हद्दही घाला.

पुढचा टप्पा फीचर लाइनचा, म्हणजे प्रत्येक बिंदूला उंची असलेल्या रेषांचा. खरं डिझाइन इथेच होतं, त्यामुळे घाई करू नका. 60 मीटर लांबीचा प्लॉट धरा. मागच्या कुंपणाजवळ आरएल 18.40, पुढे गेटजवळच्या चेंबरपाशी 16.90. फरक दीड मीटर, म्हणजे सरासरी उतार 40 ला 1. पुरेसा वाटतो, पण इमारत मध्ये उभी आहे. मागून पुढे सरळ उतार दिला तर सगळं पाणी मागच्या भिंतीवर आदळणार.

प्लिंथ 18.15 ठेवली आणि तिच्याभोवती फरसबंदी 450 मिलिमीटर खाली, म्हणजे 17.70 ला. इमारतीची कड ही पहिली फीचर लाइन. स्टेप्ड ऑफसेटने 3 मीटर बाहेर दुसरी काढा, 2 टक्के उतार देऊन: ती 17.64 ला येते. इमारतीच्या मागे हीच रेषा पन्हळ होते. मागच्या बाजूच्या मध्यभागी तिचा उंचवटा ठेवा आणि तिथून दोन्हीकडे 100 ला 1 उतार देत बाजूंनी पुढे आणा. एलिव्हेशन एडिटरमध्ये दोन बिंदूंमधला उतार टाकला की पुढच्या बिंदूची आरएल आपोआप येते. ही पन्हळ नीट बसली तर निम्मं काम झालं.

एक गोष्ट नवख्यांना छळते. एकाच साइटमधल्या (इथे साइट म्हणजे सॉफ्टवेअरमधला गट, प्रत्यक्ष जागा नव्हे) दोन फीचर लाइन एकमेकींना छेदल्या, तर छेदबिंदूवर दोघींची लेव्हल एकच होते. तुमच्या नकळत एक रेषा खचते. नको असेल तर त्या वेगवेगळ्या साइटमध्ये ठेवा. उभी भिंतही सरफेसमध्ये बसत नाही. रिटेनिंग वॉलची (माती अडवणाऱ्या भिंतीची) वरची आणि खालची रेषा एकमेकींपासून 10 मिलिमीटर सरकवून घ्या.

पन्हळीपासून मागच्या उंच जमिनीपर्यंत मातीचा उतार काढायला ग्रेडिंग ऑब्जेक्ट वापरा, निकष ‘ग्रेड टू सरफेस’, म्हणजे सरफेसला भिडेपर्यंत उतार. तळं किंवा मोठा भराव असेल तिथेही तोच सोयीचा. पण अख्खा प्लॉट त्यात घालू नका. लहान प्लॉटवर कोपऱ्याकोपऱ्यांत उतार एकमेकांत घुसतात आणि फाइल जड होते. उताराचा आकडा टाकताना सांभाळा: सॉफ्टवेअरमध्ये 2:1 म्हणजे आडवं 2, उभं 1. आपल्याकडे साइटवर ‘एकास दोन’ म्हणतात तोच हा उतार. आकडे उलटले तर भरावाची कड चौपट तीव्र होते आणि मुरूम पहिल्याच पावसात घसरतो.

सगळ्या रेषा नव्या सरफेसमध्ये ब्रेकलाइन म्हणून घाला आणि वॉटर ड्रॉप चालवा. कुठेही क्लिक केलं की तिथला थेंब कसा वाहील ती रेषा उमटते. प्लिंथच्या चारही कोपऱ्यांत, गेटजवळ आणि रॅम्पच्या तोंडाशी क्लिक करा. रेषा चेंबरपर्यंत न जाता मध्येच संपली, तर तिथे डबकं आहे.

खोदाई-भरावाचं आकारमान शेवटी. मूळ जमीन बेस आणि नवा सरफेस तुलनेला घेऊन व्हॉल्यूम सरफेस करा. मात्र नवा सरफेस फरसबंदीच्या वरच्या पातळीचा असतो, आणि खोदाई तिच्या थरांच्या तळापर्यंत करायची असते. सरफेसची प्रत काढून फरसबंदीच्या भागात थरांच्या जाडीइतकी खाली उतरवा. 2000 चौरस मीटरवर 300 मिलिमीटर विसरलं, तर हिशेब 600 घनमीटरने चुकतो आणि कंत्राटदाराशी वाद तिथूनच पेटतो.

साइटवर कंटूरचा (समान उंचीच्या रेषांचा) कागद देऊ नका. मुकादमाला कोपरे, चेंबर आणि पन्हळीचा उंचवटा एवढ्याच ठिकाणच्या आरएल मोठ्या अक्षरांत छापून द्या. त्याच कागदावर बेंचमार्क (उंची मोजायचा पक्का संदर्भबिंदू) कुठे आहे, तेही लिहा.