टॅब भरलेला, फोटोंचा बॅकअप अडकलेला: माझा अनुभव

आईचा ३२ जीबीचा अँड्रॉइड टॅब. त्यावरच्या गुगल फोटोज अ‍ॅपचा बॅकअप दोन आठवडे एकाच आकड्यावर अडकलेला, वर सतत 'स्टोरेज भरले आहे'. रीस्टार्ट केला, कॅशे (अ‍ॅपच्या तात्पुरत्या फाइल्स) पुसली, अ‍ॅप अपडेट केलं. काही फरक नाही. नाशिकच्या रामकुंडावरच्या गोदाआरतीचे व्हिडिओ जातील या धास्तीने मी रडकुंडीला आले होते.

शेवटी हा क्रम लागू पडला. आधी गुगल फोटोजमधला बॅकअप बंद केला. आरतीचे मोठे व्हिडिओ ओटीजी (थेट टॅबला जोडता येणाऱ्या) पेनड्राइव्हवर कॉपी केले, तिथून चालवून पाहिले, मगच फाइल्स अ‍ॅपमधून काढले. त्याची कचरापेटीही रिकामी केली, त्याशिवाय जागा सुटत नाही. साधारण ३ जीबी मोकळे झाले. मग बॅकअप सुरू, पण व्हॉट्सअ‍ॅपचं फोल्डर वगळून. टॅब रात्रभर चार्जिंगला आणि वायफायवर.

सकाळी 'बॅकअप पूर्ण' दिसलं. तरी माझ्या फोनवर आईचं खातं उघडून त्र्यंबकचे फोटो मोठे करून पाहिले. त्यानंतरच गुगल फोटोजमधलं 'जागा मोकळी करा' दाबलं; त्याने बॅकअप झालेले फोटो फक्त टॅबवरून निघतात. ११ जीबी सुटले!

जागेसाठी गुगल फोटोजमध्ये फोटो निवडून थेट डिलीट करू नका, तो क्लाउडवरूनही जातो. बॅकअप झालेला असेल तर कचरापेटीत ६० दिवस मिळतो, नंतर नाही.