ट्रिस बफर कसे बनवावे: ०.१ मोलार, पीएच ८.०, ५०० मिली

प्रथिने आणि डीएनएच्या प्रयोगांत ट्रिस बफर सतत लागते. बफर म्हणजे थोडे आम्ल किंवा अल्कली पडली तरी पीएच फारसा न बदलू देणारे द्रावण, आणि ट्रिस हा ते बनवायचा आम्लारी पदार्थ. कृती अवघड नाही, पण क्रम चुकला की ते बिघडते. बाटलीतले द्रावण तेवढेच स्वच्छ दिसते, म्हणून चूक लक्षात येते ती प्रयोग फसल्यावरच.

आधी हिशेब. ट्रिसचा रेणुभार १२१.१४, म्हणून ०.१ (मोल प्रति लिटर) × ०.५ (लिटर) × १२१.१४ = ६.०६ ग्रॅम. डब्यावर ‘ट्रिस बेस’ लिहिलेय ना, ते नीट वाचा. शेजारचा ‘ट्रिस हायड्रोक्लोराइड’ हा वेगळा पदार्थ (रेणुभार १५७.६). त्याचे द्रावण आम्लधर्मी असल्याने त्यात आम्ल नव्हे, अल्कली घालावी लागते.

ट्रिसचा पीएच उतरवायला लागणारे १ मोलार हायड्रोक्लोरिक आम्ल फ्यूम हूडमध्ये (वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात), गॉगल आणि हातमोजे घालूनच करा. ७० मिली डिस्टिल्ड पाण्यात ८.३ मिली संहत आम्ल (३७ टक्के, सुमारे १२ मोलार) हळूहळू सोडा आणि थंड झाल्यावर १०० मिली करा. नेहमी पाण्यात आम्ल घालायचे. उलट केले तर उष्णतेने आम्ल उसळून अंगावर येते.

आता पीएच मीटर. ८.० हा आकडा ७.००च्या आणि १०.०१च्या प्रमाण बफरमध्ये बसतो, म्हणून कॅलिब्रेशन याच दोघांनी करा. स्लोप (इलेक्ट्रोडचा प्रतिसाद आदर्शाच्या किती टक्के आहे ते) ९५ ते १०५ टक्क्यांत हवा. त्याहून कमी आला तर इलेक्ट्रोड घाण झालाय किंवा जुना झालाय. काचेचा फुगा टिश्यूने टिपा, घासू नका. घासल्याने काचेवर स्थिर विद्युतभार येतो आणि आकडा भरकटतो. इलेक्ट्रोड पाण्यात बुडवून ठेवण्याची सवय तर फारच वाईट, त्याची जागा ३ मोलार पोटॅशियम क्लोराइडमध्ये.

मोठ्या बीकरमध्ये ४०० मिली पाणी घेऊन मॅग्नेटिक स्टररवर ६.०६ ग्रॅम ट्रिस विरघळवा. ५०० मिली पाणी आत्ताच घेऊ नका, आम्लाला जागा लागणार आहे. द्रावण २५ अंश सेल्सियसला आले की इलेक्ट्रोड बुडवा. फिरणारी कांडी फुग्यावर आपटणार नाही, इतके अंतर ठेवा. आकडा साधारण १०.५ दिसेल.

आम्ल घालताना आकड्यावर नजर ठेवा, बफर म्हणजे काय ते इथे डोळ्यांना दिसते. पहिल्या ५ मिलीत पीएच १०.५ वरून ९च्या आसपास घसरतो. पुढच्या ५ मिलीत मात्र जेमतेम ०.३–०.४ने उतरतो. ट्रिसचा पीकेए (त्याची आम्ल आणि आम्लारी रूपे समसमान होतात तो पीएच) सुमारे ८.१ असल्याने तिथे पोहोचताना ही दोन्ही रूपे जवळपास सारखी होतात, आणि येणारे आम्ल ती शोषून घेतात. २० मिलीनंतर एकेक मिली आणि ८.१ नंतर थेंबाथेंबाने घाला. एकूण २७ ते २९ मिली आम्ल लागते. ४० मिली लागले, तर वजन किंवा आम्लाची संहती चुकलीय असे समजा.

पीएच ७.८ पर्यंत खाली गेला तर? सोडियम हायड्रॉक्साइड घालून आकडा परत येतो, पण द्रावणात जादा मीठ राहते. एन्झाइमच्या मोजणीत ते नडते, त्यामुळे सहा ग्रॅम ट्रिस पुन्हा तोलणेच बरे. आकडा स्थिरच होत नसेल तर इलेक्ट्रोडचा प्रकार तपासा. साध्या सिंगल-जंक्शन इलेक्ट्रोडचे जंक्शन ट्रिसमुळे तुंबू शकते, डबल-जंक्शन वापरा.

द्रावण ५०० मिलीच्या व्हॉल्युमेट्रिक फ्लास्कमध्ये ओता. बीकर १५-१५ मिली पाण्याने दोनदा विसळून तेही त्यातच घाला. मग डोळे खुणेच्या पातळीला आणून द्रावणाच्या खोलगट कडेचा तळ खुणेला टेकेपर्यंत पाणी भरा, बूच लावून दहा-बारा वेळा उलटसुलट करा.

आता तापमान, कारण बहुतेकांचे इथेच चुकते. तापमान वाढले की ट्रिसचा पीएच दर अंशामागे सुमारे ०.०२८ने उतरतो. २५ अंशांना ८.० केलेले बफर ४ अंशांच्या कोल्ड रूममध्ये ८.६ होते, ३७ अंशांना ७.७च्या आसपास. मीटरवरची ‘तापमान दुरुस्ती’ फक्त इलेक्ट्रोडचा स्लोप सुधारते, ट्रिसमधला हा खरा बदल ती थांबवू शकत नाही. म्हणून प्रयोग ज्या तापमानाला करायचा, त्याच तापमानाला पीएच जुळवा आणि बाटलीवर लिहा: ‘ट्रिस ०.१ मोलार, पीएच ८.०, २५ अंशांना’, सोबत तारीख.