जीफोर्स, रेडिऑन की आर्क: गेमिंगसाठी ग्राफिक्स कार्ड कसे निवडावे

गेमिंगच्या संगणकात सर्वाधिक पैसा बहुधा ग्राफिक्स कार्डावर खर्च होतो, आणि नेमक्या याच भागाबाबत अनेकजण आधी कंपनी ठरवून मग तिचे कार्ड शोधू लागतात. हा क्रम उलटा असायला हवा. आपल्या किमतीच्या टप्प्यात आज कोणती दोन-तीन कार्डे उपलब्ध आहेत आणि आपल्या मॉनिटरवर, आपल्या गेममध्ये ती कशी चालतात हे आधी पाहावे. कंपनीवरूनच निर्णय व्हावा अशा परिस्थिती मोजक्याच आहेत, त्या पुढे येतीलच.

कार्डाच्या खोक्यावर दोन नावे असतात, हे प्रथम लक्षात घ्यावे. पहिले चिप बनवणाऱ्या कंपनीचे: जीफोर्स एनव्हिडियाचे, रेडिऑन एएमडीचे (ही मालिका २००६ मध्ये एटीआय विकत घेतल्यावर एएमडीकडे आली) आणि आर्क इंटेलचे, ज्याची डेस्कटॉप कार्डे २०२२ पासून बाजारात आहेत. दुसरे नाव ती चिप घेऊन कार्ड तयार करणाऱ्या कंपनीचे. आसूस आणि गिगाबाइट एनव्हिडिया व एएमडी या दोघांच्याही चिपची कार्डे बनवतात, तर सफायर आणि पॉवरकलर रेडिऑनसाठी ओळखल्या जातात. एकाच चिपच्या दोन कार्डांमध्ये वेगाचा फरक सहसा दोन-चार टक्क्यांपलीकडे जात नाही. फरक असतो तो पंख्यांच्या आवाजात, तापमानात, कार्डाच्या आकारात आणि वॉरंटीच्या अटींत. म्हणून कारखान्यातूनच ओव्हरक्लॉक करून (नेहमीपेक्षा वेग वाढवून) आलेल्या महागड्या आवृत्तीच्या किमतीत वरच्या दर्जाची चिप असलेले साधे कार्ड मिळत असेल, तर बेलाशक ते साधे कार्ड घ्यावे.

निवडीची खरी सुरुवात मॉनिटरपासून होते. १९२० × १०८० च्या पडद्यावर सुमारे २०.७ लाख पिक्सेल असतात, २५६० × १४४० वर ३६.९ लाख आणि ४के म्हणजे ३८४० × २१६० वर ८२.९ लाख, म्हणजे १०८०पी वर लीलया चालणाऱ्या कार्डाला ४के पडद्यावर प्रत्येक फ्रेमसाठी (पडद्यावरच्या एका चित्रासाठी) चौपट पिक्सेल रंगवावे लागतात. रिफ्रेश रेटही, म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो तेही, पाहावा, कारण ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर सेकंदाला १४० फ्रेम काढणाऱ्या कार्डाचा बराचसा वेग वाया जातो.

त्यानंतर व्हीरॅम, म्हणजे कार्डाची स्वतःची मेमरी. आजच्या मोठ्या गेमांमध्ये टेक्स्चर (वस्तूंच्या पृष्ठभागावर चढवलेली चित्रे) उच्च पातळीवर ठेवल्यास ८ जीबी १०८०पी वरही अपुरी पडू शकते, आणि ती अपुरी पडली की चित्र अडखळते किंवा टेक्स्चर धूसर दिसू लागतात. १४४०पी साठी नवे कार्ड घेताना १२ जीबीच्या खाली जाऊ नये, आणि कार्ड चार-पाच वर्षे वापरायचे असेल तर १६ जीबी घ्यावी, असे माझे मत आहे. येथे नावांचा घोळ मात्र सांभाळावा लागतो. आरटीएक्स ४०६० टीआयच्या ८ आणि १६ जीबी आवृत्त्यांत चिप सारखीच आहे, फक्त मेमरी वेगळी. याउलट जीटीएक्स १०६० च्या ३ जीबी आवृत्तीत कोर, म्हणजे चिपमधले गणना करणारे घटकही कमी होते, ६ जीबीच्या १२८० ऐवजी ११५२. नाव तेच आहे म्हणून कार्ड तेच असेल असे गृहीत न धरता तपशिलाचा तक्ता वाचावा.

बेंचमार्क, म्हणजे वेगाच्या चाचण्यांचे आकडे, वाचताना केवळ सरासरीवर थांबू नये. समजा, एका कार्डाची सरासरी सेकंदाला ९० फ्रेम आहे, पण त्याचा ‘१ टक्का लो’ (सर्वात संथ एक टक्का फ्रेमचा वेग) ४२ आहे. दुसऱ्याची सरासरी ८२ आणि लो ६८ आहे. आलेखावर पहिले कार्ड वर दिसेल, पण खेळताना दुसरेच सुरळीत वाटेल, कारण पहिल्यात एक फ्रेम ११ मिलिसेकंदांत येते आणि मधूनच एखादी २४ मिलिसेकंद घेते; हाताला जाणवतो तो हाच धक्का. आपण खेळतो तेच गेम, आपलेच रिझोल्यूशन आणि किमान दोन-तीन वेगवेगळ्या चाचण्या पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. कंपनीने स्वतः प्रसिद्ध केलेल्या आलेखांत फ्रेम जनरेशन (खऱ्या फ्रेमच्या मध्ये कृत्रिम फ्रेम भरणे) चालू आहे का, तेही तपासावे.

कंपन्यांमधला खरा फरक दिसतो तो अपस्केलिंग (कमी रिझोल्यूशनवर काढलेले चित्र मोठे करणे) आणि रे ट्रेसिंगमध्ये (प्रकाशकिरणांच्या गणनेतून प्रकाश-सावल्या दाखवणे). एनव्हिडियाने २०१८ च्या आरटीएक्स २० मालिकेसोबत डीएलएसएस हे आपले अपस्केलिंग तंत्र आणले, आणि चित्राच्या दर्जात ते बराच काळ पुढे राहिले. एएमडीचे एफएसआर २०२१ मध्ये आले; ते इतर कंपन्यांच्या कार्डांवरही चालत असे, मात्र चित्र किंचित उणे पडे. २०२५ मधील एफएसआर ४ ने हे अंतर पुष्कळ कमी केले, पण ते आरएक्स ९००० मालिकेसाठी बनलेले असल्याने जुने रेडिऑन स्वस्तात घेणाऱ्याने त्यावर भिस्त ठेवू नये. इंटेलचे एक्सईएसएसही चांगले आहे. तुमचे आवडते गेम यांपैकी कशाला पाठिंबा देतात, एवढे पाहिले तरी पुरे. फ्रेम जनरेशनचा मोह मात्र आवरावा: मूळ वेग सेकंदाला साठ फ्रेमच्या आसपास असेल तर ते खुलते, तीस असेल तर आकडा वाढतो पण माऊसचा प्रतिसाद जडच राहतो.

आता कंपनीला प्रथम स्थान द्यावे अशा परिस्थिती. त्याच संगणकावर ब्लेंडर या त्रिमितीय चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये रेंडरिंग किंवा कुडा या एनव्हिडियाच्या गणना-प्रणालीवर अवलंबून असलेले काम करायचे असेल, तर जीफोर्स घेण्यात शहाणपण आहे. लिनक्स वापरत असाल तर रेडिऑनचे मुक्तस्रोत ड्रायव्हर (कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर) लिनक्सच्या कर्नल या गाभ्यात आणि मेसा या ग्राफिक्स सॉफ्टवेअरमध्येच असल्याने डोकेदुखी कमी होते. आर्क घेताना मदरबोर्ड रिसायझेबल बार या (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणाऱ्या) सुविधेला पाठिंबा देतो का, हे खात्रीने तपासावे. ती नसेल तर वेग लक्षणीय घटतो, आणि जुन्या प्रोसेसरसोबतही ही कार्डे मागे पडतात. म्हणूनच जुन्या संगणकात स्वस्त आर्क बसवण्याचा बेत बहुधा फसतो. ‘अमुक कंपनीचे ड्रायव्हर वाईट’ ही तक्रार मात्र पाच-सात वर्षांपूर्वीच्या अनुभवांवर चालत आलेली असते. त्यापेक्षा त्या विशिष्ट कार्डाबद्दलच्या अलीकडच्या तक्रारी वाचाव्यात.

विजेचा हिशेबही यातच धरावा. आरटीएक्स ४०६० ला ११५ वॉट पुरतात, तर आरएक्स ९०७० एक्सटीला ३०४ वॉट लागतात. स्वस्त वाटणाऱ्या कार्डासाठी नवा पॉवर सप्लाय घ्यावा लागला तर स्वस्ताई तिथेच संपते. कॅबिनेटमध्ये मागच्या पट्टीपासून पुढच्या पंख्यापर्यंतची मोकळी जागा टेपने मोजावी आणि कार्डाची जाडीही पाहावी, कारण अडीच-तीन स्लॉट व्यापणारी कार्डे आता सर्रास असतात.

एका कंपनीचे कार्ड काढून दुसऱ्या कंपनीचे बसवणार असाल तर जुना ड्रायव्हर आधी पूर्णपणे काढून टाकावा. नवे कार्ड बसल्यावर मॉनिटरची केबल मदरबोर्डाला नव्हे तर कार्डालाच जोडावी आणि विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट तपासावा; १४४ हर्ट्झचा मॉनिटर महिनोन्‌महिने ६० वर चालत असतो आणि दोष मात्र कार्डाला दिला जातो.